साडेचार हजार मीटरवरचा समुद्रतळ

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात लांग्झा नावाचं गाव आहे. गावाजवळच्या उतारांवर काळपट, ठिसूळ खडक पसरलेला दिसतो आणि त्यात मुठीएवढे गोटे विखुरलेले असतात. एखादा गोटा थंडीवाऱ्यानं आपसूक दुभंगलेला असतो. त्याच्या आत डोकावलं की श्वास रोखला जातो. मधल्या टिंबापासून वेटोळं घेत मोठा होत गेलेला शंख, त्यावर एकसारखे कंगोरे आणि गोट्याच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याचाच हुबेहूब ठसा! गाव सुमारे ४,४०० मीटर उंचावर आणि समुद्र हजार किलोमीटरहून दूर.

हा अमोनाइट. आपल्या कोकणात मिळणाऱ्या माकुळाचा हा फार जुना नातेवाईक. शंखाच्या आत पडदे घातलेले कप्पे असत. प्राणी स्वतः सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात राही आणि आतल्या कप्प्यांतल्या वायूमुळे पाण्यात तरंगून राही. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी असे जीव मरून टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाशी गाळात रुतले. त्या गाळाचाच हा खडक झाला. भूशास्त्रात त्याला ‘स्पिती शेल’ म्हणतात. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकी नदीतला शाळिग्रामही मुळात अमोनाइटच, नेपाळमधल्या अशाच खडकातून निघालेला.

मग समुद्राचा तळ एवढा वर आला कसा? भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधला टेथिस समुद्र मिटला, तळाच्या थरांना घड्या पडल्या आणि ते उचलले गेले. ती रेटारेटी आजही थांबलेली नाही.

मला थक्क करते ती यापुढची गोष्ट. ज्या उठावानं समुद्राचा तळ आभाळाला भिडवला, त्यानंच इथला पाऊसही अडवला. मोसमी ढग दक्षिणेच्या उतारांवर चढताना थंड होतात आणि तिकडेच रिते होतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण तालुका कोरडा, तसंच हे. फक्त इथली भिंत सह्याद्रीच्या कितीतरी पट उंच. म्हणून मनालीकडून रोहतांग खिंड ओलांडली की देवदाराची जंगलं मागे पडतात आणि तांबूस, राखाडी, जांभळ्या मातीचे उघडे डोंगर सुरू होतात. समुद्र आणि वाळवंट ही एकाच जागेची दोन रूपं आहेत आणि दोहोंच्या मध्ये उभा आहे हिमालय.

इथलं जगणं वितळत्या बर्फावर चालतं. बर्फाचं पाणी ‘कुहल’ नावाच्या चिंचोळ्या पाटांनी शेतात येतं आणि छोट्याशा उन्हाळ्यात जव, मटार पिकतात. घरांची छपरं मातीची, सपाट. ९९६ साली उभारलेला ताबोचा मठही मातीचाच. या कोरड्या हवेनंच तिथली भित्तिचित्रं शतकानुशतकं राखली आहेत.

खोऱ्यातल्या काझा गावात मुक्काम असेल तर लांग्झा, हिक्कीम आणि कोमिक ही गावं शनिवार-रविवारात निवांत पाहून होतात. पण आधी काझात थांबून शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी. लांग्झाला दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या मानानं साधारण साठ टक्केच असतो. डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं तर आणखी वर जाऊ नये. त्रास वाढला तर सरळ खाली उतरावं.

आणि अमोनाइट दिसला तर तो मनसोक्त पाहावा, पण उचलू नये, विकतही घेऊ नये. फर्डिनांड स्टोलिच्का या भूशास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात या खोऱ्यातल्या थरांचा क्रम लावला, तो कोणत्या थरात कोणता जीव सापडतो हे पाहूनच. शोकेसमधल्या गोट्याला स्वतःचा थर उरत नाही. डोंगरातल्या गोट्याला तो असतो आणि त्या थरामुळेच तो समुद्राचा साक्षीदार ठरतो.