अंघच्या घरातून जाणारी सीमा

नागालँडच्या मोन जिल्ह्यातलं लोंगवा हे कोन्याक नागांचं गाव. भारत-म्यानमार सीमा इथे थेट अंघच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरातून जाते. अर्धं घर इकडे, अर्धं तिकडे. आता कुंपण घालायचं ते कुठून?

ही सीमा 1,643 किलोमीटरची. दोन्हीकडे नात्यागोत्याचीच माणसं, म्हणून सीमेपासून 16 किलोमीटरपर्यंत व्हिसाविना ये-जा करायची मुभा होती. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ती रद्द करण्याची आणि सगळ्या सीमेला कुंपण घालण्याची घोषणा केली. कारणं खोटी नव्हती: अमली पदार्थ, शस्त्रं, सशस्त्र गटांचा वावर, शिवाय म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी उठावानंतर आलेले निर्वासित. मणिपूरचं तेव्हाचं सरकार कुंपणाच्या बाजूचं होतं. मिझोरम आणि नागालँडच्या विधानसभांनी मात्र विरोधाचे ठराव केले. मिझो लोकांच्या लेखी तिकडून आलेले चिन लोक हे भाऊबंदच.

वर्षअखेरीस मधला मार्ग निघाला: दहा किलोमीटरची मर्यादा आणि पास. तस्कर काही पासाच्या रांगेत उभा राहत नाही. उभी राहते ती मामाकडे निघालेली भाची. तरी कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवणं मला गैर वाटत नाही.