धाकटा पंप

डिझेलच्या गाडीला एक नव्हे, दोन पंप असतात. एक थोरला आणि एक धाकटा. थोरल्याचा मान मोठा आणि किंमतही मोठी. गाडी रुसली की सगळ्यांची नजर आधी त्याच्यावर जाते, जशी घरात काही बिनसले की थोरल्या सुनेवर जाते. धाकटा बिचारा थोरल्याच्या अंगाला चिकटून, तेलाने माखून, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा बसलेला असतो. टाकीतले डिझेल ओढून, गाळण्यांतून पुढे ढकलून, थोरल्याच्या दारात नेऊन ठेवायचे एवढेच त्याचे काम. पुस्तकात त्याला लिफ्ट पंप म्हणतात, मेस्त्री मंडळी फीड पंप म्हणतात. मी पडले मराठीची प्राध्यापिका. मला 'उचल पंप' हा शब्द सुचला आणि लगेच हसू आले. कारण आमच्या आजोळी उचल म्हणजे कामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे! पण विचार करून पाहिला तर शब्द अगदीच चुकीचा नाही. थोरल्याने कामाला लागावे म्हणून त्याला आगाऊ डिझेल पोचते करायचे, ही उचलच की.

हे आजोळ म्हणजे महाळुंगे पडवळ. पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, मंचर-कळंबच्या बाजूला. वाचकांपैकी पुष्कळांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. बाबू गेनू सैद १९०८ साली याच गावी जन्मले. पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या भागात, परदेशी कापड घेऊन निघालेल्या मालमोटारीपुढे आडवे झाले. मोटार थांबली नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. मालमोटार अडवून अमर झालेल्या माणसाच्या गावात आज मालमोटार अडली की घरोघरी जीव टांगणीला लागतो. काळाचा हा फेरा पाहून मन थोडे चमकते खरे. पण ज्या शेतकऱ्याचा माल गाडीत भरलेला असतो, त्याला असल्या विचारांना सवड नसते.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते. टोमॅटोचा हंगाम ऐन भरात. संध्याकाळी शेतावर ७० क्रेट पिकअपमध्ये चढले. पहाटे निघून नारायणगावचा बाजार गाठायचा, असा बेत. टोमॅटो हे काही ज्वारीचे पोते नव्हे, की आज नाही विकले तर उद्या विकू. उन्हाळ्यात एक दिवस गेला की खालच्या थरातले फळ मऊ पडते आणि भाव निम्म्यावर येतो. शिवाय गाडीचा हप्ता. तो तर पावसाचीही वाट पाहत नाही.

शेतातून घराकडे येताना, ओढ्याच्या चढावर, गाडीने दम सोडला. आधी आचके दिले, मग ओढ कमी झाली, मग एकदम शांत. मामेभावाने बॉनेट उघडून धाकट्या पंपाच्या डोक्यावरचे काळे बोंडूक तीसचाळीस वेळा खालीवर दाबले. गाडी चालू झाली, फर्लांगभर आली आणि पुन्हा बसली. असे करीत करीत अंगणात पोचेपर्यंत अंधार पडला.

गावात गाडी बंद पडली की डॉक्टर फार जमतात. एकाने सांगितले, नोझल गेले. दुसरे एक गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात तीन गाड्या घेतल्या आणि तिन्ही विकल्या, त्यांनी छातीठोकपणे निकाल दिला, "थोरला पंप गेला. उतरवून पुण्याला न्यावा लागणार. चार दिवस तरी धरून चाला." मामा ओट्यावर बसून होता. तो काही बोलला नाही. मामी आत भाकरी थापत होती. तिचा थापटण्याचा आवाज मध्येच थांबला, एवढे मला ऐकू आले.

मामेभाऊ पान्हे काढायला निघाला, तेव्हा मामाने पहिल्यांदा तोंड उघडले. "थांब. मेस्त्रीला येऊ दे. त्यानं बघितल्याबिगर एक नट ढिला करायचा न्हाई."

मेस्त्री मंचरहून मोटारसायकलवर आले. पन्नाशीचे, सडसडीत, कपाळावर विजेरी बांधलेले. त्यांनी आल्या आल्या पान्हा उचलला नाही. प्रश्न विचारायला सुरुवात केली. सकाळी गाडी चटकन चालू होते का? धूर कसला, काळा की पांढरा? रिकामी असताना बसते, की ओझे असताना? चढाला बसते, की सपाटीलाही? मी परीक्षेच्या तोंडी चाचण्या पुष्कळ घेतल्या आहेत. पण इतके नेमके प्रश्न विचारणारा परीक्षक क्वचितच पाहिला.

मग त्यांनी टाकीचे झाकण उघडून ठेवले. झाकणाचे हवेचे भोक बुजले तर टाकीत पोकळी होते आणि डिझेल वर चढत नाही, ही पहिली शंका. ती फिटली. टाकीपासून येणारी नळी हाताने चाचपली. कुठे चीर नाही. धाकट्या पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काढून पाहिली, स्वच्छ होती. मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला आणि मामेभावाला नुसता स्टार्टर मारायला सांगितले. स्क्रूतून डिझेल ठिबकले, झरा फुटला नाही. आता मेस्त्रींनी स्वतः ते बोंडूक दाबले. भसाभस डिझेल आले, आणि त्यात एकही बुडबुडा नव्हता.

"झालं," मेस्त्री म्हणाले. "थोरल्याला हात लावायचा न्हाई."

मी सरळ विचारले, "कशावरून?"

त्यांनी जे समजावून सांगितले ते मला जन्मभर लक्षात राहील. धाकट्या पंपात दोन झडपा असतात; एक आत घेणारी, एक पुढे सोडणारी. हाताने दाबायचे बोंडूक आणि इंजिनावर चालणारा दट्ट्या, दोघेही याच दोन झडपा वापरतात. हाताने डिझेल नीट येते, म्हणजे झडपा शाबूत, नळी शाबूत, जाळी शाबूत, कुठे हवा शिरत नाही. मग उरले काय? दट्ट्या आणि त्याच्या पाठीमागची स्प्रिंग. तर्कशास्त्राच्या पुस्तकात एकेक पर्याय खोडीत जाण्याची जी पद्धत शिकवतात, ती हीच.

आणि ही स्प्रिंग म्हणजे मोठी गमतीची वस्तू. इंजिनाचा फिरता उंचवटा दट्ट्याला फक्त मागे रेटतो. डिझेल पुढे ढकलण्याचे काम इंजिन करीत नाही, ते दबलेली स्प्रिंग सुटताना करते. म्हणून थोरल्याला जेवढे हवे तेवढेच डिझेल पुढे जाते. त्याचे पोट भरले की डिझेलच दट्ट्याला धरून ठेवते आणि धाकटा आपोआप अर्धवट चालतो. त्याचा जोरही बेताचा, मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका. दाब मोजण्याच्या भाषेत एक ते अडीच बार. थोरला मात्र तेच डिझेल दोनशे बारच्याही वर नेऊन नोझलमधून धुक्यासारखे उडवतो. एवढ्या पराक्रमी थोरल्याला दाराशी आणून दिलेला घास मिळाला नाही, तर तो काय करणार?

या थोरल्याचा इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली आउग्सबर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले. पण त्यात इंधन उडवायला दाबलेल्या हवेचा एक अवजड संच लागे, आणि तो गाडीवर चढवणे मुष्किलीचे होते. डिझेलसाहेब १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्री नाहीसे झाले. पुढे १९२७ साली बॉश कंपनीने इंधन उडवणारा आटोपशीर पंप कारखान्यात घाऊक काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे डिझेल इंजिन मालमोटारीत मोठ्या प्रमाणावर शिरले. इतिहासात ही सगळी नावे नोंदलेली आहेत. धाकट्या पंपाचे नाव घेऊन कुणी भाषण केल्याचे माझ्या वाचनात नाही.

मामाला मात्र हे सारे एका वाक्यात समजले. "म्हंजे इहिरीवानीच की!" तो म्हणाला. आणि खरेच आहे. त्याच्या लहानपणी विहिरीवर मोट होती. पुढे तेलाचे इंजिन आले. पुण्याला खडकीत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला, तेव्हापासून या इंजिनांचा फटफटाट महाराष्ट्राच्या मळ्यामळ्यांत शिरला. पंप विहिरीच्या काठावर न ठेवता आत कपारीत उतरवून का ठेवतात, हे शाळेत न गेलेला शेतकरीही सांगेल: वरून पाणी 'उचलत' नाही. गॅलिलिओच्या काळी फ्लॉरेन्सच्या कारागिरांनाही हाच अनुभव आला होता. पाणी सुमारे १० मीटरच्या वर ओढून येईना. १६४३ च्या सुमारास टॉरिचेलीने त्याचा उलगडा केला. पंप पाणी ओढत नाही. पंप नुसती जागा रिकामी करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. म्हणून नळीला टाचणीएवढे भोक पडले तरी पाण्याऐवजी हवाच आधी घुसते. 'पंपाने हवा धरली' हा मळ्यातला शब्दप्रयोग मेस्त्र्यांनी जसाच्या तसा गाडीला लावला आहे. भाषा अशीच एका कामावरून दुसऱ्या कामावर जाते. आम्ही वर्गात तिच्या व्युत्पत्त्या सांगत बसतो.

आता प्रश्न नव्या पंपाचा. दुकाने बंद होण्याची वेळ झाली होती. मेस्त्रींनी फोन करून दुकानदाराला थांबवून धरले आणि मामेभाऊ मोटारसायकलवर मंचरला पळाला. मधल्या वेळात कुणीतरी जुनी युक्ती सुचवली. डिझेलचा कॅन टपावर बांधायचा आणि नळी थेट फिल्टरला जोडायची. उंचीवरून डिझेल आपोआप उतरते, धाकट्याची गरजच नाही. अशा रीतीने गाड्या चालवत नेणारे ड्रायव्हर आहेत. मेस्त्रींनी मान हलवली. "रिकामी गाडी ग्यारेजपर्यंत न्यायला ठीक. माल भरून, अंधारात, गरम इंजिनावर डिझेलचा कॅन लोंबत ठेवून मी न्हाई सोडणार कुणाला." मामाने लगेच तो विषय बंद केला.

पंप आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. तोवर जुना निघाला होता. आतली स्प्रिंग मधोमध तुटलेली. दोन्ही तुकडे एकमेकांवर टेकून जेमतेम जोर देत होते; म्हणून रिकामी गाडी धुगधुगत होती आणि ओझे पडले की मरत होती. नुसती स्प्रिंग बदलता आली असती, पण दट्ट्याही झिजलेला, तेव्हा पंपच बदलणे शहाणपणाचे ठरले.

बसवण्याचे काम पाहताना माझी झोप उडाली. पंप निघाल्यावर जे भोक उघडे पडते त्यात मेस्त्रींनी आधी स्वच्छ फडके कोंबले. त्यातून खडा आत गेला तर खरोखरच थोरल्यावर बेतायचे. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला कागद नखाने खरवडावा तसा हलक्या हाताने काढला. इंजिन हाताने थोडे फिरवून आतला उंचवटा पलीकडे नेला, म्हणजे पंप स्प्रिंगच्या जोराविरुद्ध रेटून बसवावा लागत नाही. मग नवे गॅस्केट. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, एकच आधी घट्ट केला नाही. नळ्यांच्या सांध्यांना तांब्याचे नवे वायसर घातले. मामेभाऊ म्हणाला, "जुनेच चांगलेत की." त्यावर मेस्त्रींनी नुसते त्याच्याकडे पाहिले. दबलेले तांबे पुन्हा नीट बसत नाही; दोन-चार रुपयांच्या वायसरमधून हवा शिरते आणि सगळी रात्र वाया जाते.

शेवटी हवा काढणे. बोंडूक दाबत राहायचे आणि फिल्टरचा स्क्रू सैल ठेवायचा. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू बंद. नंतर तेच थोरल्या पंपावरच्या स्क्रूशी. दुसऱ्या झटक्याला इंजिन चालू झाले. मेस्त्रींनी ते दहा मिनिटे तसेच चालू ठेवले आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडे बोट फिरवून पाहिले. मग गाडी त्याच ओढ्याच्या चढावर, मालासकट, स्वतः नेऊन आणली. मामीने तोवर पिठले-भाकरी वाढून ठेवली होती.

पंपाची किंमत आणि मेस्त्रींची मजुरी मिळून त्या आठवड्याच्या भावाने आठ क्रेटही गेले नाहीत. थोरला उतरवला असता तर त्याची तपासणी, जोडणी आणि चार दिवसांचे भाडे वेगळेच. मालाचे तर बोलायलाच नको.

जाताना मेस्त्रींनी मामेभावाला बजावले: फिल्टरच्या तळाचे पाणी आठवड्याला सोडायचे, टाकी कधी तळाला जाऊ द्यायची नाही, आणि कॅनमधून डिझेल ओतताना फडक्यातून गाळून घ्यायचे. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत ही रचना बदलली आहे. पुष्कळ गाड्यांत धाकट्याच्या जागी विजेवर चालणारा पंप आला आहे, आणि तिथे हे बोंडूक दाबण्याचे प्रकार उपयोगाचे नाहीत, असेही त्यांनी सांगितले. त्यासाठी ते स्वतः शिकायला जाऊन आले होते.

पहाटे पाचला गाडी निघाली. मीही पुढे बसले, कारण नारायणगावहून मला पुण्याची एस. टी. पकडायची होती. ओढ्याचा चढ आला तेव्हा आम्ही तिघेही गप्प होतो. गाडी वर चढली, आणि मामाने खिशातून चंची काढली.