गाळाचे खत : जंतू मरतात, जड धातू उरतात

सांडपाण्याच्या गाळात नत्र आणि स्फुरद असते. त्यामुळे नांदगाव खंडेश्वरच्या कपाशी-तुरीच्या शेतांनाही हे खत उपयोगी पडू शकते. मात्र कच्चा गाळ शेतात टाकणे धोक्याचे. त्यातील जंतांची अंडी मातीत अनेक महिने तग धरतात.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर अहमदाबादेत २०१९ मध्ये रोज १०० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. तिथे सुक्या गाळावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात. रोगजंतू मरतात, पण गाळ किरणोत्सारी होत नाही. नंतर त्यात पिकांना उपयुक्त जिवाणू मिसळतात.

शिसे, कॅडमियम मात्र किरणांनी जात नाहीत. कारखान्यांच्या सांडपाण्यातून ते गाळात उतरतात. म्हणून असे खत घेताना जंतूंचा आणि जड धातूंचा, असे दोन्ही तपासणी अहवाल मागावेत.