सातबारा कोरा, पण झोन कोणता?

मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की पुणे–नाशिक महामार्गावर कळंब लागतं. इथे दोन गुंठ्यांचा प्लॉट पाहायला आलेला माणूस पहिल्यांदा सातबारा मागतो. तो कोरा निघाला की विसार द्यायला तयार होतो. पण त्या जागेवर घर बांधता येईल का, हे सातबारा सांगत नाही.

गैरसमज : जमीन नावावर झाली की घर बांधता येतं.

वस्तुस्थिती : सातबाऱ्यावर धारक, क्षेत्र, पीक आणि बोजा दिसतो. जमिनीचा वापर ठरतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालच्या नकाशावर. पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. आपला गट शेती विभागात येतो की रहिवास विभागात, हे नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि भाग नकाशा सांगतो. दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवतात. ती बांधकामाची परवानगी नसते.

शेती विभागात तुकडेबंदीचाही प्रश्न येतो. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे स्वतंत्रपणे विकता येणारं किमान क्षेत्र, बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरलं. त्यामुळे शेतातला दोन गुंठ्यांचा तुकडा सामाईक खरेदीखतात नाव घालून विकला जातो. नाव लागतं, पण आपला तुकडा नेमका कोणता, हे मोजणीच्या नकाशावर सापडत नाही.

गैरसमज : ग्रामपंचायत घरपट्टी घेते, म्हणजे घर अधिकृत आहे.

वस्तुस्थिती : ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. गावठाणालगत २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला जमीन महसूल संहितेनुसार रहिवासी अकृषिक वापर मिळू शकतो. बांधकामाचा नकाशा मात्र वेगळा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याला २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू होते.

गैरसमज : नकाशात रस्ता किंवा रेल्वे दिसली, म्हणजे ती होणारच.

वस्तुस्थिती : प्रारूप आराखडा हा प्रस्ताव असतो, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी हे टप्पे पुढे असतात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) २०२१ चा प्रारूप आराखडा अखेर २०२५ मध्ये रद्द झाला. मंचर–नारायणगाव पट्ट्यातले आंबेगाव, जुन्नर हे तालुके त्या प्राधिकरणाच्या हद्दीबाहेर आहेत, पण शेजारचा अनुभव त्यांच्याही कामाचा आहे. घरचं उदाहरण पुणे–नाशिक रेल्वेचं. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे तिचा आखलेला मार्ग अडला आणि दुसऱ्या मार्गाचा विचार सुरू झाला. स्टेशनच्या भरवशावर जादा भाव मोजणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

गैरसमज : आरक्षण पडलं की जमीन गेली.

वस्तुस्थिती : मालकी लगेच जात नाही, पण आरक्षणाशी विसंगत बांधकामाला परवानगी मिळत नाही. अंतिम योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं. म्हणून जुनं आरक्षण असलेली जमीन घेताना अशी सूचना दिली होती का आणि तिची पोच आहे का, हे विक्रेत्याला विचारायचं.

हे सगळं तपासायला गट नंबर, चालू सातबारा आणि मोजणी नकाशा एवढी कागदपत्रं हातात असावी लागतात. ती घेऊन नगररचना कार्यालयात जायचं, तेही विसार देण्याच्या आधी.