बोरीची राख आणि आदिमानवाचा काळ

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील भूपुरातत्त्वज्ञ शरद राजगुरू यांनी आदिमानवाच्या काळातले हवामान नदीकाठच्या थरांवरून अभ्यासले. जाड गोटे ही जोरदार प्रवाहाची खूण असते. गाळात तयार झालेले चुनखडीचे खडे मात्र निमकोरड्या हवामानाची.

कल्याणहून माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुक्यात बोरी गाव लागते. इथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या पांढुरक्या राखेचा थर आहे, आणि हे या अभ्यासातले सर्वांत विलक्षण स्थळ! सूक्ष्मदर्शकाखाली राखेत काचेचे धारदार कण दिसतात.

ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उद्रेक कोणता, यावर मतभेद आहेत: काही जण तो सुमारे ७५ हजार, तर काही ६ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा सांगतात. थरालगत आदिमानवाच्या अश्युलियन प्रकारच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्याने त्यांचा काळही याच उत्तरावर अवलंबून आहे.