हक्काचा पैसा, हक्काचा हिशेब!

मुंबईच्या फोर्ट भागातील 'आनंद भवन' आणि 'बुद्ध भवन' या दोन इमारतींची नावे आपल्या समाजात घरोघरी ठाऊक आहेत. कुणाचे वडील तिथे शिकले, कुणाचा मामा. सकाळच्या वर्गाला बसायचे आणि तिथूनच कचेरी गाठायची, अशा कष्टाने पदवी मिळवलेली एक पिढीच्या पिढी सिद्धार्थ महाविद्यालयाने घडवली. ज्या घरात पूर्वी अक्षर नव्हते, त्या घराच्या भिंतीवर पदवीदान समारंभाचा फोटो लागला, तो या वास्तूंमुळे.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ ला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. लष्कराच्या बराकींत वर्ग भरले. पुढे कॉलेज फोर्टात आले. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. १९५३ ला वाणिज्य महाविद्यालय आणि १९५६ ला विधी महाविद्यालय निघाले. बाबासाहेबांच्या संग्रहातील ग्रंथ सिद्धार्थच्या ग्रंथालयात आहेत. छत गळले तर नुसती लादी ओली होत नाही, हा ठेवाच धोक्यात येतो.

या वास्तू आता थकल्या आहेत. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सोसायटीच्या मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथील ९ शिक्षणसंस्था आणि २ वसतिगृहांच्या जतन-संवर्धनासाठी ५ वर्षांत ५०० कोटी रुपये देण्याचा निर्णय घेतला. आनंदाची गोष्ट आहे. पण ठराव झाला म्हणजे काम झाले, असे समजण्याची चूक आपण तरी करू नये.

ठराव आणि पाणी

आपला इतिहास काय सांगतो? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण पाणी मिळाले का? नाही! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह स्वतः तळ्यावर चालत गेले, तेव्हा कुठे ओंजळ भरली.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. सार्वजनिक पैसा ही कुणाची मेहेरबानी नसते, त्यात आपल्या घामाचा, आपल्या कराचा वाटा असतो. म्हणून निधी मिळाला की आभाराचे फलक लावत बसण्याचे कारण नाही. आणि दुसरे असे की, कागदावरचा हक्क वसूल करावा लागतो.

डागडुजी म्हणजे रंगरंगोटी नव्हे

१६ जुलै २०२० रोजी याच फोर्ट भागातील भानुशाली इमारतीचा भाग भर पावसाळ्यात कोसळून १० जणांचे प्राण गेले. जुनी इमारत डोळ्यांना उभी दिसते, पण आतून काय चालले आहे हे कळत नाही. लादीकोब्याच्या मजल्यात पाणी मुरते, लाकडी तुळयांची टोके भिंतीत कुजतात, लोखंडी तुळयांना गंज चढतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की भिंत वरून चकचकीत दिसते. पण आतला ओलावा कोंडून राहतो आणि दुखणे वाढते. म्हणून जुन्या वास्तूच्या कामात चुन्याची जाण असलेला वास्तुतज्ज्ञ लागतो.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या अहवालावरून इमारतीची वर्गवारी ठरते. 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडण्याइतकी धोकादायक. 'सी-२ ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, गरज पडल्यास काही भाग पाडणे. 'सी-२ बी' म्हणजे रिकामी न करता मजबुती. 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही अक्षरे प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावीत. 'धोकादायक' या एका शब्दाआड काय घडू शकते, ते २५ जून २०१६ च्या पहाटे दादरला आपण पाहिले आहे. आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त झाला. १९ जुलैला लाखोंचा मोर्चा निघाला, पण पडलेली भिंत मोर्चाने परत उभी राहत नाही. विचारायचे ते आधी विचारले पाहिजे.

आपण काय विचारावे?

कोणत्या इमारतीचा तपासणी अहवाल झाला आणि वर्ग कोणता आला? त्या इमारतीसाठी यंदा किती रक्कम मिळाली, किती खर्च झाली? आधी छत, तुळया, जिने, विजेच्या तारा आणि आगीपासून बचावाची व्यवस्था होणार, की आधी दर्शनी भागाला रंग लागणार? काम चालू असताना वर्ग कुठे भरतील? ग्रंथ कुठे हलवले जातील आणि त्यांची यादी कोण ठेवील? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सरकारी पैशाचा हिशेब मागता येतो. साधा अर्ज पुरतो.

संस्थेच्या कारभाराचे वाद जुने आहेत. ते न्यायालयात मिटायचे तेव्हा मिटोत. पावसाळा मात्र कुणाच्या निकालाची वाट पाहत नाही.

माता-भगिनींना एक विशेष विनंती. मुलगा वा मुलगी कॉलेजातून आली की अभ्यासाबरोबर हेही विचारा : वर्गात पाणी गळते का? जिना मोकळा असतो का? भिंतीला टेकू लावले आहेत का? विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. माजी विद्यार्थ्यांनी, त्यातही जे आज इंजिनिअर, वकील, हिशेबनीस झाले आहेत त्यांनी, आपले ज्ञान घेऊन पुढे यावे. फुले वाहून वास्तू टिकत नाही.

बराकींत सुरू झालेले कॉलेज बाबासाहेबांनी हक्काच्या छपराखाली आणले. ते छप्पर शाबूत ठेवणे हे आता आपले काम आहे.

जयभीम!