मातीतला हजेरीपट

भोर-वेल्ह्याकडच्या उघड्या डोंगरांविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक असे की, येथे पूर्वी घनदाट रान होते आणि ते धनगरांनी, कातकऱ्यांनी व डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांनी तोडून-जाळून संपविले. दुसरे असे की, हे माळ मुळापासून माळच आहेत. दोन्ही मते मांडणारे शिकलेले असतात, आणि पुरावा मागितला की दोघेही आपापल्या आजोबांकडे बोट दाखवितात. कामगारांच्या चौकश्यांत आयुष्य गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. आरोप झाला की मी प्रथम मस्टर मागतो. कोण हजर होते, केव्हा होते, नोंद कशी झाली? मग रानाचेही असे मस्टर असते काय? असते. ते चिखलात असते, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माणूस ते वाचावयास शिकला आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांब धागा असतो. त्यावर चारच अक्षरे पुनःपुन्हा निरनिराळ्या क्रमाने येतात. जांभळाचा क्रम निराळा, रानडुकराचा निराळा. पान गळते, जनावर शेण टाकते, केस झडतो; हे सारे कुजते तेव्हा त्या धाग्याचे तुकडे मातीत सुटतात. बहुतेक तुकडे जंतू खाऊन टाकतात. परंतु काही तुकडे चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि तेथे तग धरतात. म्हणजे हाड नको, दात नको. हत्ती नुसता वाटेने गेला तरी त्याची सही मातीत राहू शकते. शास्त्रज्ञ गाळात पोकळ नळी उतरवून उभा दंडगोल काढतात, त्याची बाहेरची साल तासून टाकतात, आतल्या मातीतून तुकडे सोडवितात, आणि ओळखीच्या जातींच्या संग्रहाशी ते ताडून पाहतात.

येथे कोणीही विचारील की, तपासणाऱ्याच्याच हातचा डीएनए त्यात मिसळला तर? शंका रास्त आहे. खोटी सही हा आमच्याही धंद्यातला नेहमीचा प्रश्न. त्यावर उपाय मोठा नामी आहे. जुना धागा टोकांशी झिजतो आणि तेथे 'सी' हे अक्षर 'टी' असे वाचले जाते. ताज्या धाग्यावर ही झीज नसते. जुन्या कागदाचा पिवळेपणा जसा बनावट कागदाला चटकन आणता येत नाही, तसेच हे.

या विद्येचा आजवरचा एक मोठा पराक्रम उत्तर ग्रीनलंडमधला. काप कोबनहाउन येथील गोठलेल्या थरांत सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए सापडला, हे डेन्मार्कच्या एस्के विलरस्लेव व कुर्ट केअर यांच्या गटाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. ४१ नमुने तपासले होते. आज तेथे हिमाचे वाळवंट आहे. त्या काळी मात्र तेथे भूर्ज व पॉप्लर वृक्षांचे रान होते. ससे, रेनडिअर आणि हत्तीचा चुलता मॅस्टोडॉन त्यात हिंडत होते. मॅस्टोडॉन इतक्या उत्तरेस गेला असेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. हवा आजच्यापेक्षा ११ ते १९ अंशांनी उष्ण असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

पण मला अधिक जवळचे वाटते ते दुसरे प्रकरण. लोकर असलेला मॅमथ हत्ती कोणी संपविला? पाषाणयुगातल्या शिकाऱ्यांवर हा आळ जुना आहे. २०२१ साली उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशांतील ५३५ नमुन्यांचा अभ्यास 'नेचर' साप्ताहिकात आला. त्यात दिसले की, सैबेरियात मॅमथची हजेरी सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत लागलेली आहे, म्हणजे माणूस आणि तो हजारो वर्षे एकत्र नांदले. हवा दमट झाली, गवताळ कुरणांची दलदल झाली, चारा गेला आणि जनावर गेले. आरोपी सुटला! परंतु पुढच्याच वर्षी अपील दाखल झाले. मिलर आणि सिम्प्सन या दोघांनी म्हटले की, थंड प्रदेशात हाडे हजारो वर्षे कुजत पडून असतात. त्यांतला जुना डीएनए नव्या गाळात मिसळत राहणार. म्हणजे मेलेल्या कामगाराचे नाव पुढच्या साली मस्टरवर! मूळ गटाने आपली बाजू सोडलेली नाही. वाद चालू आहे, आणि तो पुराव्यावर चालू आहे, हे मला आवडते.

आता आपल्याकडे या. आमच्या मातीत बर्फ नाही, आणि उष्णता ही या धाग्याची वैरीण आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांनी सहकाऱ्यांसह हरियाणातील राखीगढीच्या सांगाड्यांवर काम केले. ६१ नमुने चाळले, तेव्हा एकाच व्यक्तीचा पुरेसा डीएनए हाती लागला, असे २०१९ चा त्यांचा लेख सांगतो. तीही हाडे होती, आणि तीही कोरड्या मुलखातली. वेल्ह्याच्या पावसात आणि तांबड्या मातीत हजारो वर्षांपूर्वीचा धागा मिळण्याची आशा फार थोडी.

म्हणून येथे दुसरे साक्षीदार बोलवावे लागतात. परागकण कठीण कवचाचे असतात. हवा न लागणाऱ्या गाळात ते युगानुयुगे टिकतात. लोणारच्या सरोवरातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळाने ११,००० वर्षांचा हिशेब दिला. सरोवर आटून फार खारे झाले की गेलुसाइट नावाच्या क्षाराचे खडे बनतात. अशा खुणांवरून २०१४ साली दोन दीर्घ अवर्षणे दाखविण्यात आली. एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे, दुसरे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. म्हणजे डोंगर उघडे करणारा तिसरा संशयित उभा राहतो, तो म्हणजे स्वतः पाऊस. अर्थात लोणार बुलढाण्यात, वेल्हे घाटमाथ्याशी. तिथला जबाब इथल्या खटल्यात जसाच्या तसा चालणार नाही.

इथला जिवंत साक्षीदार म्हणजे देवराई. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांवर १९७६ साली लिहिले, तेव्हापासून अभ्यासक त्यांकडे वळले. भोवती उघडा उतार आणि मध्ये हिरडा-जांभळांची दाट राई, हे पाहिल्यावर निदान काही उतार मुळात माळ नव्हते असे मानावे लागते. मग रान गेले कोठे? या डोंगरांत कोळशाच्या भट्ट्या लागत आणि कोळसा शहराकडे जाई. कुऱ्हाड कातकऱ्याच्या हातात होती. मागणी कोणाची होती, हे डीएनए सांगत नाही. ते व्यापाऱ्यांच्या वह्यांत शोधावे लागेल.

गेल्या शंभर वर्षांपुरते काम मात्र भोरच्या उशाशीच होण्याजोगे आहे. वेळवंडी नदीवरचे लॉइड धरण, म्हणजे आपले भाटघर, १९२० च्या दशकात पुरे झाले. तेव्हापासून डोंगरांची माती तेथे थरावर थर साचते आहे. इतका अलीकडचा डीएनए उष्ण प्रदेशातही मिळू शकतो. नळी मात्र सदा पाण्याखाली असलेल्या खोल भागात उतरविली पाहिजे; उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या काठाला ऊन आणि हवा लागते, गुरांचे खूर थर कालवितात. पानशेतचा गाळ घेणाऱ्याने तर १२ जुलै १९६१ ही तारीख आधी लिहून ठेवावी. त्या दिवशी धरण फुटले, आणि आजचे धरण त्यानंतर उभे राहिलेले आहे. तिथले मस्टर तेथूनच सुरू होते.